भुंगा आणि काळी स्प्रिंग

१

वाहक गाडीच्या पोटाचा शेवटचा स्क्रू निघाला, झाकण बाजूला झालं, आणि आत जी स्प्रिंग दिसली ती त्या खेळण्याची नव्हतीच.

त्या कंपनीच्या स्प्रिंगा चंदेरी असतात. ही काळी होती, जाड होती, आणि तेलाने चकाकत होती.

माझा धंदा खेळणी तपासण्याचा. खेळण्यांना मंजुरी देणारं आणि ग्राहकांच्या तक्रारी ऐकणारं एक मंडळ माझ्याकडे खेळणी पाठवतं. मी ती ओढते, आपटते, उकलते, आणि पोरांच्या हातात द्यायच्या लायकीची आहेत का ते सांगते. नवरा मला 'मोडतोड खातं' म्हणतो. मी रागीट आहे असंही लोक म्हणतात. तेही खरं आहे.

हे खेळणं म्हणजे तळहातावर मावेल एवढा रोबो. हातपाय दुमडले, डोकं आत दाबलं की त्याची गोलमटोल मोटार होते. पोरं तिला भुंगा म्हणतात. सोबत एक वाहक गाडी. भुंगा गाडीच्या पाठीवरच्या खोबणीत बसवायचा आणि खटका दाबायचा. आतली स्प्रिंग त्याला उडवते, हवेतच त्याचे हातपाय उघडतात, आणि रोबो जमिनीवर उभा राहतो. कल्पना झकास. कुठल्याही पोराला वेड लावेल अशी.

या भुंग्याने एका पाच वर्षांच्या मुलीचा डावा डोळा घेतला होता. घरी तिला भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी बसत नसे. डॉक्टरांनी बुबुळ वाचवलं, नजर नाही.

खेळण्यासोबत कंपनीचं म्हणणं जोडलेलं होतं. आमचा माल निर्दोष आहे. मुलीच्या घरातच दुरुस्त्या करणारा मामा आहे, त्याने आत काहीतरी बदल केला असावा. आम्ही खेळणं उघडलेलं नाही, जसं आलं तसं पाठवत आहोत.

मी काळ्या स्प्रिंगकडे बघत राहिले. मग झाकण परत लावलं आणि कपाटाला कुलूप घातलं. आत काय सापडलं ते कुणालाही सांगितलं नाही, मंडळालासुद्धा नाही. अर्धी गोष्ट सांगितली की उरलेली अर्धी लोक स्वतःच रचतात.

मामानेच केलंय, असं ती स्प्रिंग ओरडून सांगत होती. आणि माझं डोकं तडकलं होतं.

२

भिंगरीच्या आईने दार उघडलं. आत पोरगी जमिनीवर ठोकळे मांडत होती. डोळ्यावर पट्टी. मी डावीकडून आत आले तर तिला मी दिसलेच नाही. तिने अख्खी मान वळवली आणि विचारलं, "तू कोण?"

मी नाव सांगितलं. तिने मान परत वळवली.

"त्याला मी घराबाहेर काढलाय," आई म्हणाली. "सख्खा धाकटा भाऊ. आईवडील गेल्यावर मीच वाढवला. पण पोटच्या पोरीपुढे भाऊ कसला आणि काय कसला!"

"त्याने खेळणं उघडलेलं तुम्ही पाहिलं?"

"तो शिलाई मशीन दुरुस्त करतो. घरात कायम पेचकस घेऊन बसलेला. मी विचारलं तर म्हणाला, मी हात नाही लावला. डोळ्याला डोळा नव्हता देत. घरात कुणी दुरुस्त्या करतं का, असं दादांनी विचारलं म्हणून तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला."

"दादा कोण?"

तिने खिडकीकडे बोट दाखवलं. तिथे एक पन्नाशीचा माणूस स्टुलावर बसून भिंगरीसाठी संत्रं सोलत होता. कंपनीत तक्रारी बघणारा. बिया काढून एकेक फोड तो पोरीच्या उजव्या बाजूला, तिला दिसेल अशी धरत होता.

"कंपनीचा माणूस असून रोज येतो," आई म्हणाली. "माझा भाऊ तोंड लपवून बसलाय, आणि हा परका माणूस..."

मी तिला एकच विचारलं. अपघातानंतर खेळणं कुठे होतं?

"मी कपाटात कोंबून कुलूप घातलं. किल्ली माझ्या पर्समध्ये. आम्ही सगळे दवाखान्यात. माझा भाऊसुद्धा तिथेच पायरीवर बसून होता. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी ते दुकानदाराच्या अंगावर फेकलं. घाल तुझ्या डोळ्यात, म्हटलं."

दादा मला सोडायला जिन्यापर्यंत आले. आवाज मऊ, जणू दुखण्यावर फुंकर घालतायत.

"बाई, त्या मामावर फार कडक होऊ नका. हेतू वाईट नव्हता हो त्याचा. भाचीला लांब उडी हवी, म्हणून याने आपली मशीनची काळी तेलकट स्प्रिंग बसवून दिली. करायला गेला एक, झालं भलतंच."

मी मान हलवली आणि तरातरा जिना उतरले. मला त्या मामाला कधी गाठते असं झालं होतं. रागाच्या भरात माणूस ऐकतो सगळं, पण कान देत नाही.

३

गल्लीच्या टोकाला त्याची खोली होती. उघडी मशीनं, तेलाचा वास, बाकाखाली गुंडाळलेली वळकटी. बहिणीने काढल्यापासून तो तिथेच झोपत होता. वय तिशीचं, पण खांदे म्हाताऱ्यासारखे पडलेले.

मी बसलेसुद्धा नाही. "वाहक गाडी उघडली होतीस?"

"नाही."

"खरं बोल. मी पोरीला बघून आलेय."

"गाडीला हात नाही लावला, बाई."

"मग कशाला लावलास?"

समोरच्या मशीनचं चाक त्याने उगाच फिरवलं.

"भुंग्याचा हात निखळला होता," शेवटी तो म्हणाला. "भिंगरी रडत होती. मी रोबो उघडला, हात बसवला, परत बंद केला. ताईला म्हणालो, मी शिवलोसुद्धा नाही. भीती वाटली. खोटं बोललो."

"आणि स्प्रिंग?"

"कसली स्प्रिंग? मला ते काही ठाऊक नाही. पण मी उघडल्यानंतरच हे झालं ना? माझ्याच हातून आत काहीतरी इकडचं तिकडं झालं असणार. भिंगरीचा डोळा मीच घेतला, बाई. लिहून टाका तसं."

मला अशा माणसांची चीड येते. "मग हे बहिणीला सांगत का नाहीस? कुढत बसून तिच्यावर उपकार करतोयस का?"

"सांगून डोळा परत येणार आहे का?"

मी दार आपटून बाहेर पडले. वाटेत अहवालाचं पहिलं वाक्य मनात लिहूनही टाकलं. दोष खेळण्याचा नाही, मामाचा आहे.

ते वाक्य साफ चुकीचं होतं.

४

दुसऱ्या दिवशी मी पांढरा कागद पसरला आणि त्यावर खेळण्याचा प्रत्येक भाग सुटा करून ठेवला.

आधी रोबो. मामाने उघडलेला. स्क्रूच्या खाचा शाबूत, हाताच्या सांध्यात बारीक पितळी टाचणी घातलेली, तिचं टोक घासून बोथट केलेलं, पोरीला टोचू नये म्हणून. मग वाहक गाडी. तिच्या स्क्रूंची डोकी कुरतडलेली. कुणीतरी भलत्याच मापाचा पेचकस घेऊन, घाईने, जोर लावून ते फिरवले होते. दोन्ही कामं एका हातची नव्हती. आणि मामाकडे तर भिंतभर पेचकस होते.

पण एवढ्यावर भागत नाही. वाईट दिवशी चांगला कारागीरही माती खातो.

मग मी काळी स्प्रिंग उचलली.

गाडीच्या आत एक नळी असते, नळीत दट्ट्या, दट्ट्यामागे स्प्रिंग. खटका दाबला की दट्ट्या नळीला घासत पुढे जातो आणि भुंग्याच्या पाठीला दणका देतो. दर दणक्याला प्लास्टिकची थोडी पांढरी पूड झडते. नळीच्या भिंतींवर ती पूड होती. दट्ट्यावर होती. कोपऱ्यात साचली होती. तेलकट वस्तूला ती चिकटल्याशिवाय राहिलीच नसती. ओले हात पिठात घालून कोरडे काढता येतात का?

स्प्रिंगवर पुडीचा कण नव्हता.

मी स्वतः खटका दाबला नव्हता. म्हणजे ही स्प्रिंग आत बसल्यापासून एकदाही सुटली नव्हती. भिंगरीच्या डोळ्यावर भुंगा उडाला तेव्हा ती गाडीत नव्हतीच.

मी भुंगा उलटा केला. पाठीवर, दट्ट्या लागतो तिथे, खोल खळगा पडला होता आणि भोवतीचं प्लास्टिक ताणून पांढरंफटक झालं होतं. दुसरी एक स्प्रिंग रोज, जोरात, याच पाठीवर बसत होती. डोळा तिने घेतला होता. आणि ती कुणीतरी पळवून तिथे ही काळी ठेवली होती, एका निरपराध माणसाच्या गळ्यात फास अडकवायला.

अपघातानंतर! तेव्हा खेळणं कुलपात होतं आणि मामा दवाखान्याच्या पायरीवर. कुलपातून ते निघालं ते थेट दुकानदाराकडे.

चिमटा टेबलावर टाकून मी तडक दुकान गाठलं.

५

मंडळाकडून आलेय म्हणताच दुकानदाराने शटर ओढायला घेतलं.

"विकलं म्हणजे गुन्हा केला का?" तो खेकसला. "मी पेटी घेतो, पेटी विकतो. आत स्प्रिंग आहे की साप आहे, मला काय स्वप्न पडतं?"

"मी स्प्रिंगचं नावही काढलेलं नाही."

"त्या बाईने काढलं होतं! सगळ्या गल्लीसमोर. तुमची स्प्रिंग, तुमची गाडी, तुमचं वाटोळं. मी ते खेळणं पिशवीत घातलं, चिकटपट्टी लावली आणि संध्याकाळी कंपनीचा माणूस आला त्याला देऊन टाकलं. हातसुद्धा धुतले."

"तिचा भाऊ काय काम करतो, माहीत आहे?"

"तिला भाऊ आहे हेच आत्ता कळतंय. ती शिव्या द्यायला आली होती, वंशावळ सांगायला नाही."

बोलणं फटकळ होतं, पण मनुष्य घामाघूम झाला होता आणि गल्ल्यामागच्या एका गोणपाटाकडे सारखा चोरून बघत होता. मी सरळ आत शिरले आणि गोणपाट उचललं. खाली तेच खेळणं, नवंकोरं, पेटीबंद.

"चोरी नाही ही!" तो ओरडला. "अपघातानंतर कंपनीने होता नव्हता तेवढा माल परत मागवला. मी एक दडवला. उद्या सगळं माझ्या डोक्यावर आणून आदळलं तर? गरिबाला कोण वाली?"

मी पेटी फोडली. भुंगा दुमडला, गाडीवर बसवला, आणि खोक्याचा एक रिकामा पुठ्ठा दुकानदाराच्या हातात दिला. "लांब धरा. छातीसमोर नको."

खटका दाबला. ताडकन आवाज झाला. भुंगा पुठ्ठ्यातून आरपार गेला आणि मागच्या फळीवर आदळला.

दुकानदार भोकातून माझ्याकडे बघत राहिला. त्याने पुठ्ठा खाली टाकला. "माझ्या नातीला मी हेच दिलंय."

"आत्ताच्या आत्ता घरी फोन करा," मी म्हणाले.

तो फोन करत होता तोवर मी गाडी उघडली. आत चंदेरी स्प्रिंग. कंपनीचीच. मंडळाकडे मंजुरीच्या वेळी ठेवलेला नमुना होता, त्यातलीही चंदेरीच होती, पण बोटाने दाबली तर दबायची. ही दाबायला मला अंगठा टेकून भार द्यावा लागला.

पास एक झालं होतं, विकलं दुसरंच जात होतं.

६

कंपनीत मी आधी त्या खेळण्याची आखणी करणाऱ्या मुलीला गाठलं. चोवीस-पंचवीसची असेल. टेबलावर भुंग्याचे सुटे हातपाय मांडलेले.

"पोरीचा डोळा गेलाय, कळतं का तुम्हाला?" मी सुरुवातच तिथून केली.

ती उठून उभी राहिली. मला वाटलं रडणार. ती रडली नाही, तिने टेबलावर मूठ आपटली. "माझ्यावर ओरडू नका! मी ओरडत होते तेव्हा कुणी ऐकलं नाही!"

मग तिने सांगितलं. एक माणूस व्हिडिओवर खेळण्यांची परीक्षणं करतो. त्याने भुंगा हातात घेऊन सांगितलं, रोबो फक्कड, सांधे घट्ट, रूपांतर सुरेख, पण गाडी मरतुकडी, उडी म्हणजे बेडकाची शिंक. लोक हसले, विक्री घसरली. मालकाने लगेच कडक स्प्रिंग मागवली. ती म्हणाली, बदल केलाय, पुन्हा तपासून घ्या. मालक म्हणाले, तू चित्रं काढ.

"हे कुणाकुणाला माहीत होतं?"

"मालकांना. मला. आणि ज्यांच्याकडे तक्रारी येतात ते... सगळे त्यांना दादा म्हणतात. त्या मुलीचं खेळणं पण तेच घेऊन आले. खोली बंद करून बसले होते. मी पेचकस मागायला गेले तर म्हणाले, माझ्याकडे आहे तो लागतोय."

दादा.

जिन्यातलं ते वाक्य आता माझ्या कानात शिरलं. मशीनची काळी तेलकट स्प्रिंग. खेळणं आम्ही उघडलंच नाही म्हणणाऱ्या माणसाला, आतल्या स्प्रिंगचा रंग कुणी सांगितला होता? मी तर कुणालाच नाही.

मी तशीच मामाच्या खोलीवर गेले. तो मशीनवर वाकलेला होता.

"अपघातानंतर तुझ्याकडे कोण आलं होतं?"

"दादा आले होते. फार चांगला माणूस. ताई मला बोलत नव्हती, पण ते इथे बसले, चहा घेतला. हे काय, ते काय, सगळं विचारलं. स्प्रिंगांचा डबा बघून म्हणाले, माझ्या मुलाला असल्या वस्तूंचा नाद आहे." त्याने वर पाहिलं. "एक दिली मी त्यांना. चांगली तेल लावून, कागदात गुंडाळून दिली."

७

मंडळाच्या खोलीत लांब टेबल होतं. एका बाजूला मालक आणि दादा. दुसऱ्या बाजूला भिंगरीची आई. तिच्याशेजारची खुर्ची रिकामी, कारण मामा दाराजवळच्या बाकावर बसला होता आणि तिने त्याच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

मी दादांना विचारलं, "दुकानातून खेळणं आणल्यावर तुम्ही ते उघडलंत?"

"छे हो. पुराव्याला हात कसा लावू? जसं आलं तसं पाठवलं."

"आत काय आहे, तुम्हाला माहीत नव्हतं."

"कसं असणार?"

मी झाकण उघडून काळी स्प्रिंग टेबलावर ठेवली. "मग जिन्यात मला ही काळी आणि तेलकट असल्याचं कसं सांगितलंत? त्या दिवशी हे जगात दोघांनाच माहीत होतं. मला, आणि ज्याने ही आत घातली त्या हाताला."

दादा हसले. "तो मशीनवाला, त्यावरून अंदाज केला."

"बरं. मग हा अंदाज बघा." मी नळी पुढे केली, पांढऱ्या पुडीने माखलेली. शेजारी ती स्वच्छ स्प्रिंग. काय झालं असेल ते सांगितलं. मग दुकानदाराच्या पेटीतली गाडी काढली आणि भोक पडलेला पुठ्ठा ठेवला. मग नमुन्यातली मऊ स्प्रिंग. शेवटी मामाला विचारलं, आणि तो खाली मान घालून म्हणाला, "ही मी दादांना दिलेली. ताजं तेल मीच लावलं होतं."

दादांचा मऊ आवाज कुठेतरी गळून पडला. "साहेबांनी सांगितलं, बघून घे. मी बघून घेतलं. कंपनी बंद पडली तर शेकडो चुली विझतील, त्यांचा विचार कुणी करायचा?"

मालक झटकन म्हणाले, "बघून घे म्हणजे मुलीची काळजी घे, असं म्हणालो होतो मी."

"घेतली ना!" दादा ओरडले. "रोज संत्री कोण सोलत होतं?"

भिंगरीची आई उठली. मला वाटलं ती त्याच्या थोबाडीत देणार. तिने तसं काही केलं नाही. ती टेबलाला वळसा घालून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"माझ्या पोरीने तुझ्या हातून खाल्लं," ती म्हणाली. "तू तिच्या उजव्या बाजूला बसायचास. डावीकडून दिसत नाही हे लक्षात ठेवून बसायचास. आणि तिथे बसून माझ्या भावाचा गळा कापत होतास."

दादांनी तोंड फिरवलं. मी आयुष्यात पुष्कळ मोडक्या वस्तू पाहिल्या आहेत. त्या माणसाकडे मात्र मला बघवेना.

८

पुढे जे व्हायचं ते झालं. सगळ्या घरांतून ती गाडी परत मागवली गेली, विक्री थांबली, मालक आणि दादा दोघांवर खटला उभा राहिला. दोघेही एकमेकांकडे बोट दाखवत आहेत, आणि मला त्यात पहिल्यांदाच दोघांचंही म्हणणं पटतं.

पण मला सांगायचंय ते त्या दिवशी बाहेर रस्त्यावर घडलं.

मामा भराभर चालत निघाला होता. बहीण मागून धावली. "थांब. अरे, थांब ना!" तिने त्याचा दंड धरला. "चुकलं माझं. चल घरी."

त्याने हात सोडवून घेतला. इतके दिवस पडलेले त्याचे खांदे मी पहिल्यांदा सरळ झालेले पाहिले.

"मला राग आलाय, ताई," तो म्हणाला. आवाज चढला तशी रस्त्यावरची माणसं वळून बघू लागली. "मला वाटत होतं मीच डोळा घेतला, म्हणून गप्प होतो. आता कळलं, नाही घेतला. आता मला फार राग आलाय. त्याचा नाही, तो परका. तुझा! मी खोटं बोललो ते भुंग्याच्या हाताचं. पण तू एकदा तरी विचारायचंस, अरे, काय झालं होतं? एकदा! परक्याने संत्रं सोललं आणि तू माझी वळकटी बाहेर टाकलीस!"

ती मार खाल्ल्यासारखी एक पाऊल मागे सरली.

मग म्हणाली, "रागावूनच ये. बोलू नकोस माझ्याशी. महिनाभर बोलू नकोस, वर्षभर बोलू नकोस. पण ये. ती रोज विचारते, मामा माझ्यावर रुसलाय का."

तो वळला आणि तिच्या घराच्या दिशेने चालू लागला. तिच्या पुढे, एक अक्षर न बोलता, पाय आपटत. ती मागून चालत होती, आणि अंतर राखून मीही, कारण मला ते बघायचंच होतं.

दार उघडं होतं. शेजारणीच्या राखणीत भिंगरी जमिनीवर बसली होती. तो डावीकडून आत गेला, तिला दिसला नाही. मग पाऊल ओळखून ती मान न वळवताच ओरडली, "मामा!"

तो मटकन खाली बसला, तिच्या डाव्या बाजूला, आणि तिथून हलला नाही.